तोबित कुठं गेला? बाप्तिस्मा, बायबल आणि पाचशे वर्षांचा वाद

वसईत आतेभावाचं लग्न होतं. नवरी तिथलीच, कॅथलिक. आतेभाऊ नगरचा, जुन्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत वाढलेला, म्हणजे प्रॉटेस्टंट. चर्चमध्ये पहिलं वाचन सुरू झालं ते ‘तोबितच्या ग्रंथातून’. लग्नाच्या रात्री तोबिया आणि सारा उठून आधी प्रार्थना करतात, तो प्रसंग. माझ्या शेजारी आत्या बसलेली. वाचणाऱ्यानं संदर्भ सांगितला, की मांडीवरच्या बायबलात तो काढून ओळीवर बोट ठेवायचं ही तिची आयुष्यभराची सवय. एज्रा, नहेम्या, एस्तेर, परत मागं. वाचन संपलं तरी बोट टेकलं नव्हतं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अरे, हे कुठं लिहिलंय?"

कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्या वादातला मुख्य प्रश्न हाच आहे. बाप्तिस्मा म्हणजे पाण्यानं ख्रिस्ती मंडळीत घेण्याचा संस्कार; तो तान्ह्या बाळाला द्यायचा की मोठेपणी, हे भांडण वरवर पाण्याचं दिसतं, पण थोडं खरवडलं की खाली हाच प्रश्न निघतो. म्हणून आधी पुस्तकाचं बघू, मग पाण्याचं.

आत्याच्या बायबलात ६६ पुस्तकं आहेत, चर्चमधल्या बायबलात ७३. नवा करार दोन्हीकडे सारखाच, २७ पुस्तकांचा. फरक आहे जुन्या करारात. तोबित, यहूदिथ, मक्काबींचे दोन ग्रंथ, शलमोनाच्या नावावरचा प्रज्ञेचा ग्रंथ, बेन सिराक आणि बारूख ही सात पुस्तकं कॅथलिकांकडे जास्त. शिवाय एस्तेर आणि दानीएल यांत काही जादा उतारे. ख्रिस्तापूर्वीच्या काळात इजिप्तकडे वसलेले ज्यू ग्रीक बोलत. त्यांच्यात रुळलेल्या ग्रीक शास्त्रग्रंथांबरोबर ही पुस्तकं फिरत होती. हिब्रू यादीत मात्र ती नाहीत. सुरुवातीचे ख्रिस्ती बहुतेक ग्रीकच वाचणारे, त्यामुळे त्यांच्याकडे ती आपसूक आली. चौथ्या शतकाच्या अखेरीस लॅटिन भाषांतराला बसलेल्या जेरोमनं म्हटलं, हिब्रूत नाहीत ती वेगळी ठेवा. त्याच काळातला उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टिन म्हणाला, चर्चमध्ये वाचली जातात ना, मग ती आपलीच. पुढची हजार वर्षं ढोबळमानानं ऑगस्टिनचं चाललं.

हे पेटलं १५१९ मध्ये, लाइपझिगच्या जाहीर वादात. मेलेल्यांसाठी प्रार्थना केल्यानं त्यांच्या आत्म्याला शुद्धिस्थानात, म्हणजे स्वर्गाआधी आत्मा शुद्ध होतो तिथं, मदत होते, ही रोमची शिकवण. रोमविरुद्ध उठलेला जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर, त्याच्यासमोर उभ्या असलेल्या पंडितानं तिच्यासाठी मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथातला पुरावा काढला: लढाईत पडलेल्या आपल्या माणसांसाठी यहूदा मक्काबी वर्गणी जमवतो आणि यरुशलेमेला पापार्पण पाठवतो. ल्यूथरचं उत्तर होतं, हे पुस्तक प्रमाण यादीतलंच नाही, वादात ते पुरावा म्हणून चालणार नाही. एका शिकवणीवरचं भांडण असं पुस्तकांच्या यादीपर्यंत गेलं. तरी ल्यूथरनं ती पुस्तकं फेकून दिली नाहीत. १५३४ च्या त्याच्या जर्मन बायबलात ती आहेत, जुन्या करारानंतर वेगळी बांधलेली, वर सूचना अशी की शास्त्राच्या बरोबरीची नव्हेत, पण वाचायला चांगली आणि उपयोगी. रोमनं ट्रेंटच्या धर्मसभेत ८ एप्रिल १५४६ रोजी पूर्ण यादी नावानिशी जाहीर केली आणि दार बंद केलं.

मग आत्याच्या बायबलातून ती पार नाहीशी कशी झाली? यात धर्मशास्त्रापेक्षा हिशेबाचा भाग जास्त आहे. १८०४ मध्ये लंडनला स्थापन झालेल्या बायबल सोसायटीत या पुस्तकांवरून मोठी खडाजंगी झाली आणि १८२६ च्या सुमारास ठरलं, की सोसायटीचा पैसा ती छापायला वापरायचा नाही. मराठी प्रॉटेस्टंट घरांत जे बायबल पोचलं ते याच छपाईच्या परंपरेतलं. आत्याचा तोबित लंडनच्या एका बैठकीत हरवला म्हणायला हरकत नाही.

आता अधिकाराचं. १५२१ मध्ये वर्म्सला सम्राटासमोर ल्यूथरला विचारलं, लिहिलेलं मागं घेतोस का? त्याच्या उत्तराचा आशय असा: शास्त्रातून किंवा स्पष्ट तर्कानं चूक दाखवा, मागं घेतो, नुसत्या पोपच्या किंवा धर्मसभांच्या सांगण्यावरून घेणार नाही, कारण त्या चुकल्या आहेत आणि एकमेकींना खोडतही आल्या आहेत. ‘केवळ शास्त्र’ म्हणतात ते हे. त्याचा अर्थ बायबलखेरीज काही वाचू नये असा लोक करतात, काही प्रॉटेस्टंटही करतात. तो चुकीचा आहे. ल्यूथर आणि त्याच्या मागच्या पिढीतला सुधारक कॅल्विन दोघेही ऑगस्टिनचे दाखले देता थकत नाहीत. परंपरा ऐकायची, मोठ्यांचा मान ठेवायचा. फक्त शेवटचा शब्द पुस्तकाचा.

आपल्याकडची उपमा घ्यायची तर राज्यघटना आणि सर्वोच्च न्यायालय. कॅथलिक म्हणेल, घटनेचं पुस्तक घरोघर वाटलं आणि न्यायालयच काढून टाकलं, तर गल्लीगल्लीत वेगळी घटना चालेल. प्रॉटेस्टंट म्हणेल, न्यायाधीशानंही त्याच घटनेची शपथ घेतलेली असते; तो चुकला तर साध्या नागरिकाला पुस्तक उघडून कलम दाखवता आलं पाहिजे. उपमा फार ताणू नये, कारण कॅथलिकांच्या मते आपलं चर्च पुस्तकाच्या वर नाहीच. १९६५ च्या व्हॅटिकन धर्मसभेच्या दस्तऐवजात स्पष्ट म्हटलं आहे, की शिकवण्याचा अधिकार देवाच्या वचनाच्या वर नसून त्याच्या सेवेत आहे. पण प्रेषितांकडून तोंडी आणि आचरणातून आलेलं तेही वचनाचाच भाग, असंही तिथंच आहे. म्हणून १९५० मध्ये पोपनं मरिया सदेह स्वर्गात घेतली गेली हे श्रद्धातत्त्व म्हणून जाहीर केलं, तेव्हा कॅथलिकाला त्यात वावगं वाटलं नाही. आत्यासारखीचा प्रश्न ठरलेला: कुठं लिहिलंय?

यावर कॅथलिकांचा उलटा डाव चांगला आहे. नव्या करारात २७ च पुस्तकं, हे कुठं लिहिलंय? बायबलात विषयसूची नाही. बरोबर या २७ पुस्तकांची यादी आपल्याला पहिल्यांदा मिळते ती अलेक्झांड्रियाच्या बिशप अथानासियसच्या ३६७ सालच्या पत्रात. म्हणजे ज्या पुस्तकाच्या जोरावर तुम्ही चर्चला जाब विचारता, त्याची यादी चर्चनंच लावली. प्रॉटेस्टंट यावर सांगतो, सोनारानं कसोटीवर घासून सोनं ओळखलं म्हणून सोनं सोनारानं निर्माण केलं असं होत नाही. मला दोन्ही बाजू ऐकल्यावर वाटतं, की सोनार आणि सोनं यांना वेगळं काढणं बोलण्यात जितकं सोपं, तितकं इतिहासात नाही.

मराठीत या दोन स्वभावांचे दोन वेगळे ग्रंथव्यवहार झाले. जेझुइट या कॅथलिक संघाचा इंग्रज फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१६ मध्ये रायतूरला त्याचं ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं. बायबलचं भाषांतर त्यानं केलं नाही. आदामापासून ख्रिस्तापर्यंतची कथा ओव्यांत सांगितली, मंडळीत बसून ऐकायला. बाप्टिस्ट, म्हणजे मोठेपणीच बाप्तिस्मा देणाऱ्या प्रॉटेस्टंट पंथाच्या विल्यम केरीचा पिंडच वेगळा. बंगालात श्रीरामपूरला बसून त्यानं १८०५ मध्ये मराठी व्याकरण छापलं आणि त्यामागोमाग नवा करार, कारण त्याच्या दृष्टीनं पुस्तक माणसाच्या हातात पडल्याखेरीज काम सुरूच होत नाही. आज हा फरक पुसट झालाय. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं सुबोध बायबल वसईच्या घराघरांत आहे, आणि आत्याच्या मंडळीतले लोक क्रिस्तपुराणावर अभिमानानं बोलतात.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण इथं फार बोलकं आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथं त्यांनी अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला. दोनच वर्षांत त्यांना सांभाळणाऱ्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा पत्रांतून कडाक्याचा वाद झाला. चर्च शिकवतं ते नम्रपणे स्वीकारावं, असं सिस्टरचं म्हणणं. रमाबाईंचं म्हणणं, भटजींच्या जोखडातून मी मोठ्या कष्टानं मान सोडवून घेतली आहे, आता पाद्री आणि बिशप यांच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द देवाची आज्ञा म्हणून मानायला मी तयार नाही. देवाचं वचन मी स्वतः वाचीन. पुढं केडगावला मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सोप्या मराठीत सबंध बायबल आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, ते छापून पूर्ण बाहेर आलं १९२४ मध्ये.

पण वाँटेजला त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली, तिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. रमाबाईंबरोबर त्यांच्या मुलीचा, मनोरमेचाही बाप्तिस्मा झाला. ती होती अडीच वर्षांची. आई सगळ्यांशी वाद घालून, विचार करून पाण्यापाशी आली. लेकीला आणलं गेलं. एकाच दिवशी, एकाच चर्चमध्ये. आता या दोन बाप्तिस्म्यांना एकच नाव द्यायचं का?

कॅथलिक म्हणतील, अर्थातच. त्यांच्या मते बाप्तिस्म्यात देव काम करतो. आदामापासून प्रत्येकाला जन्मतः आलेलं मूळपाप धुतलं जातं, नवा जन्म होतो. बाळ आपण होऊन काही करत नाही म्हणून काही अडत नाही, जन्म घेतानाही ते काही करत नव्हतंच. देणारा माणूस कसा आहे यावरही हे अवलंबून नाही. छळाच्या काळात कच खाल्लेल्या पाद्र्यांनी दिलेले संस्कार बाद, असं उत्तर आफ्रिकेतले दोनातिस्त म्हणत. ऑगस्टिननं त्यांना उपमा दिली ती आपल्या शेतकऱ्याला लगेच कळेल: दगडी पाटात काही उगवत नाही, पण त्यातून गेलेलं पाणी मळा भिजवतंच. याच तर्कानं, जिवावर बेतलं असेल तर कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. बाळंतपणाच्या खोलीतली नर्स हिंदू असो की मुसलमान. चर्च करतं ते करायचा हेतू, पाणी, आणि ‘पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देतो’ हे शब्द पुरे.

शब्द मात्र तेच हवेत. २०२० मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटच्या एका फादरनं स्वतःच्या बाळपणीच्या बाप्तिस्म्याचा घरचा व्हिडिओ पाहिला. देणारा ‘मी’ऐवजी ‘आम्ही’ म्हणाला होता. व्हॅटिकननं नुकतंच कळवलं होतं, की ‘आम्ही’ म्हटलं तर बाप्तिस्मा झालाच नाही. म्हणजे फादर ख्रिस्ती झालेच नव्हते, मग फादर तरी कसले? त्यांना बाप्तिस्म्यापासून फादर होण्याच्या दीक्षेपर्यंत सगळं पुन्हा घ्यावं लागलं. आत्याला हे सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली. मला हसू आलं नाही. पाण्यानं खरंच काही घडतं असं मानलं, की शब्दाला इतकं जपावं लागणारच.

आणि आता गंमत. ल्यूथर, झ्युरिचचा सुधारक झ्विंग्ली आणि कॅल्विन, तिघंही तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देत राहिले. कारणं मात्र वेगवेगळी. ल्यूथर म्हणे, नुसतं पाणी काही करत नाही, पाण्याबरोबरचं देवाचं वचन करतं. आणि विश्वास ही देणगीच असल्यामुळे ती बाळालाही मिळू शकते. झ्विंग्ली आणि कॅल्विन म्हणत, आठव्या दिवशी सुंता करून इस्राएलाचं मूल करारात येई, तसं आता पाण्यानं. मग लुदियेच्या घराचा दाखला निघे: प्रेषितांच्या कृत्यांत १६ व्या अध्यायात ती जांभळं वस्त्र विकणारी बाई आणि ‘तिचं घराणं’ बाप्तिस्मा घेतं. घराणं म्हटलं की लेकरं आलीच ना? विरुद्ध बाजू म्हणे, आली असतील, पण तसं लिहिलंय कुठं? लिहिलंय ते मार्कच्या १६ व्या अध्यायात, आणि तिथं आधी विश्वास आहे, मग पाणी.

ही विरुद्ध बाजू झ्युरिचमध्ये झ्विंग्लीच्याच हाताखाली तयार झाली. कॉनराड ग्रेबेल आणि फेलिक्स मांट्स त्याच्याबरोबर बसून ग्रीक शास्त्र वाचत होते. गुरूनं सांगितलं, शास्त्रात नाही ते टाका. शिष्यांनी बालबाप्तिस्म्याला तोच नियम लावला. नगरसभेनं जानेवारी १५२५ मध्ये हुकूम काढला, बाळांचा बाप्तिस्मा करा नाहीतर शहर सोडा. नगरसभेला एवढं काय पडलं होतं? तेव्हा जन्मणारं प्रत्येक मूल बाप्तिस्म्यानंच गावात गणलं जाई. तो मोठेपणी स्वेच्छेनं घ्यायचा म्हटलं, तर गाव आणि चर्च ही एकच गोष्ट राहत नाही. २१ जानेवारीच्या रात्री मांट्सच्या आईच्या घरी मोजकी मंडळी जमली. ब्लाउरॉक नावाच्या माजी पाद्र्यानं ग्रेबेलला विनवलं, मला बाप्तिस्मा दे. त्यानं दिला. मग ब्लाउरॉकनं बाकीच्यांना.

५ जानेवारी १५२७ रोजी मांट्सला लिमात नदीवर नेलं. गुडघे पोटाशी घेऊन त्यावरून हात बांधले, गुडघे आणि हात यांच्यामध्ये काठी सारली आणि नावेतून ढकलून दिलं. काठावर आई आणि भाऊ उभे होते, डगमगू नकोस म्हणून ओरडत होते. दुसऱ्यांदा पाणी घेतलं म्हणून पाण्याचीच शिक्षा. हे करणारं शहर प्रॉटेस्टंट होतं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. २००४ मध्ये झ्युरिचच्या रिफॉर्म्ड चर्चनं झाल्या गोष्टीची कबुली देऊन लिमातच्या काठी एक शिळा बसवली.

तेव्हापासून कॅथलिकांच्या हाती आयता टोमणा आहे: ‘केवळ शास्त्र’ म्हणणाऱ्यांनो, बालबाप्तिस्मा तुम्ही परंपरेतूनच उचललात. बाप्टिस्ट तेच वाक्य वेगळ्या सुरात म्हणतात: सुधारणा अर्धीच केलीत. जुन्या काळाचा साक्षीदारही दोघांना पुरून उरणारा आहे. इ. स. २०० च्या आसपास कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुलियन लिहितो, लहानग्यांना घाई नको, कळू लागल्यावर येऊ द्या. एक बाजू म्हणते, बघा, तेव्हाही चालूच होतं. दुसरी म्हणते, बघा, तेव्हाही पटत नव्हतं. आणि मूळपापाचा सिद्धांत मांडून बालबाप्तिस्म्याला बळ देणारा ऑगस्टिन? त्याची आई मोनिका पक्की ख्रिस्ती, तरी त्याचा बाप्तिस्मा झाला ३८७ मध्ये, मिलानला, वयाच्या तेहतिसाव्या वर्षात.

हा वाद आपल्या दारावरूनही गेला आहे. १८१२ मध्ये अमेरिकेतून काही तरुण मिशनरी दोन जहाजांनी हिंदुस्थानाकडे निघाले, सगळे बालबाप्तिस्मा मानणारे. अ‍ॅडोनिराम जडसननं विचार केला, कलकत्त्याला केरी आणि त्याची बाप्टिस्ट मंडळी भेटणार, वाद होणार, आधी तयारी करावी. जहाजावर शास्त्र घेऊन बसला आणि तयारी करता करता त्यालाच केरीचं पटलं. त्या सप्टेंबरात कलकत्त्यात त्यानं बुडून बाप्तिस्मा घेतला, पाठोपाठ त्याच गटातल्या ल्यूथर राइसनं. जडसन ब्रह्मदेशात गेला. ज्यांचं मत बदललं नाही, ते गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. त्यांचंच अमेरिकन मराठी मिशन. त्याच वाटेवर त्यांचंही मन फिरलं असतं, तर आत्याच्या बाप्तिस्म्याचा फोटो नदीतला असता.

आज हद्द कुठून जाते ते आतेभावाच्या घरात दिसतं. लग्नाआधी वसईच्या फादरनी त्याचा नगरचा बाप्तिस्म्याचा दाखला मागवला, बिशपांची परवानगी काढली, आणि झालं. आत्याला वाटत होतं, पुन्हा पाणी घ्यायला लावतील. पण पाणी आणि त्रैक्याचं, म्हणजे पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांचं, नाव असेल तर प्रॉटेस्टंट बाप्तिस्मा कॅथलिकांना पूर्ण मान्य असतो, तो दुसऱ्यांदा देताच येत नाही. दाखला अडला तो त्याच्या धाकट्या भावाचा. पुण्यात तो एका नव्या मंडळीत जाऊ लागला. तिथं सांगितलं, बाळपणी डोक्यावर शिंपडलं ते पाणी, बाप्तिस्मा नव्हे. गेल्या पावसाळ्यानंतर तो नदीत उतरला. आत्या आठवडाभर जेवली नाही धड. "म्हणजे आम्ही इतकी वर्षं काय केलं?"

जर्मनीतही हेच दिसलं. २००७ मध्ये माग्डेबुर्गला अकरा चर्चनी एकमेकांचा बाप्तिस्मा मानायचं लेखी मान्य केलं. कॅथलिक होते, ल्यूथरन होते. बाप्टिस्ट आणि मांट्सचे वारस मेनोनाइट यांनी सही केली नाही. आपल्याकडे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात अँग्लिकनही होते आणि बाप्टिस्टही. त्यांनी दोन्ही वाटा उघड्या ठेवल्या: बाळाचा बाप्तिस्मा आणि मोठेपणी कबुली, किंवा बाळाचं समर्पण आणि मोठेपणी बाप्तिस्मा. आईबापांनी ठरवायचं. कागदावर हे छान बसलं. पण बाळपणी बाप्तिस्मा झालेल्यानं मोठेपणी पुन्हा मागितला तर काय, यावर सगळ्यात जास्त अडलं होतं, आणि मंडळ्यांमध्ये अजून अडतं.

आत्याला आता दोन नातवंडं आहेत. थोरल्याच्या मुलीचा दीड महिन्याची असताना वसईत बाप्तिस्मा झाला. धाकट्याच्या मुलाचं नुसतं समर्पण झालंय. तो दोन वर्षांचा आहे, मोठा झाला की त्याचं तो ठरवील. परवा नगरला गेलो होतो. मोरीत आत्या त्याला आंघोळ घालत होती आणि भरलेला तांब्या हातात धरून थांबली होती.

"मनात येतं," ती म्हणाली, "तीन नावं घ्यावीत आणि ओतावा."

वसईची सून दारात टॉवेल घेऊन उभी होती. "ओता आई," ती म्हणाली, "आमच्याकडे तो लागू होईल. फादर रागावतील तेवढं."

"आमच्याकडे नाही ना होणार लागू," आत्या म्हणाली, "पाळक हवा, मंडळी हवी." आणि पोराच्या डोळ्यांत साबण चालला होता म्हणून तांब्या ओतला, काही न बोलता.